सभागृहाचा घुमणारा आवाज आणि सरकता मायक्रोफोन

सभागृहे, देवळांचे मंडप आणि संगीताच्या खोल्या यांच्या ध्वनिमापनाविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतून आलेली पत्रे एकत्र वाचली, तेव्हा त्यांतील बहुतेकांना मायक्रोफोन आपोआप ठरलेल्या जागी नेणारे स्वस्त यंत्र स्वतः बांधायचे आहे असे दिसले. प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या वेळचे सदर याच एका विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या हायस्कूलचे सभागृह १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद आणि सरासरी ५ मीटर उंच आहे. खाली शहाबादी फरशी, भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि वर पत्रा आहे. स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतील पालकांना बोललेले काही कळत नाही. विज्ञान मंडळाच्या मुलांनी सभागृहाचे ध्वनिमापन करायचे ठरवले आहे, पण दर वेळी स्टँड हाताने हलवल्यामुळे वेळ जातो आणि जागाही चुकतात. मायक्रोफोन आपोआप हलवणारे यंत्र दहा-बारा हजार रुपयांत होईल काय?
— एक विज्ञान शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : होईल. यंत्रभाग चार-पाच हजारांत बसतो आणि उरलेले पैसे मायक्रोफोन व त्याच्या जोडणीवर खर्च करावेत, असा माझा सल्ला आहे. मात्र लोखंडाला हात घालण्यापूर्वी कागदावर एक हिशोब करून पाहावा, कारण त्यावरून काय मोजायचे हे ठरते आणि ते ठरले की यंत्र पुष्कळ सोपे होते.

हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस क्लेमंट सॅबिन यांच्याकडे १८९५ साली तेथील फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहाची अशीच तक्रार आली. ऑर्गनची नळी, वेळ मोजण्याचे घड्याळ, स्वतःचे कान आणि जवळच्या नाट्यगृहातून उचलून आणलेल्या आसनांच्या गाद्या एवढ्या सामग्रीवर त्यांनी जे सूत्र काढले ते आजही पहिल्या अंदाजासाठी पुरते. आवाज ६० डेसिबलने विरण्यास लागणारा काळ, म्हणजेच घुमण्याचा काळ, सेकंदांत हवा असेल तर खोलीच्या घनमीटरमधील घनफळाला ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतील एकूण शोषणाने भागावे. शोषण मोजण्याचे एकक म्हणजे एक चौरस मीटरची उघडी खिडकी, कारण तिच्यातून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. आपल्या सभागृहाचे घनफळ ८१० घनमीटर आहे, आणि फरशी, छत व चारही भिंती मिळून पृष्ठफळ ५९४ चौरस मीटर भरते. सगळेच पृष्ठभाग कठीण असल्यामुळे सरासरी शोषण पाच टक्के धरले, तर एकूण शोषण जेमतेम ३० चौरस मीटर येते आणि घुमण्याचा काळ सुमारे ४.३ सेकंद निघतो. एवढ्या जागेत बोलणे स्वच्छ कळायचे तर हा काळ एका सेकंदाच्या आसपास हवा. प्रत्येकी १.८ चौरस मीटरच्या दहा खिडक्या सताड उघडल्या, तर शोषण ४८ चौरस मीटर होऊन तोच काळ २.७ सेकंदांवर येतो, आणि बसलेला प्रत्येक प्रौढ माणूस साधारण ०.४ ते ०.५ चौरस मीटरची भर घालतो. हा हिशोब ढोबळ आहे, पत्रा खर्जाचे स्वर याहून अधिक खातो, तरीही हा आकडा वहीत लिहून ठेवावा. उद्या आपल्या यंत्राने रिकाम्या सभागृहात ०.६ सेकंद दाखवले, तर सभागृहाऐवजी यंत्र तपासायचे आहे हे मुलांना त्यावरूनच कळेल.

आता यंत्राची गरज पाहू. घुमण्याच्या काळासाठी फार जागा लागत नाहीत. आयएसओ ३३८२ या मानकाचा दुसरा भाग साध्या खोल्यांसाठी आहे आणि त्यातील मधल्या दर्जाच्या पद्धतीला स्पीकर व मायक्रोफोन यांच्या जागांच्या सहा जोड्या पुरतात. मायक्रोफोनच्या दोन जागांत साधारण २ मीटर अंतर असावे, भिंत किंवा फरशी यांपासून तो सुमारे १ मीटर दूर असावा आणि स्पीकरच्या फार जवळ नसावा, एवढी पथ्ये आहेत. शेवटच्या पथ्याचेही सूत्र आहे, आणि त्यानुसार आपल्या सभागृहात किमान अंतर दीड मीटर येते. एवढ्यासाठी यंत्र बांधण्याची काहीच आवश्यकता नाही. दोन मुले, एक स्टँड आणि फरशीवर खडूच्या खुणा यांत काम एका दुपारी संपते.

आपली तक्रार मात्र मागच्या रांगेची आहे, आणि तेथे यंत्र उपयोगी पडते. घुमण्याचा काळ सभागृहभर जवळपास सारखाच असतो. बोलणे किती स्पष्ट पोहोचते हे दर मीटरला बदलते. त्यासाठी सी-५० हे माप वापरतात, म्हणजे थेट आवाज आल्यानंतरच्या पहिल्या ५० मिलिसेकंदांत पोहोचलेली ऊर्जा आणि त्यानंतर रेंगाळत आलेली ऊर्जा यांचे डेसिबलमधील गुणोत्तर. व्यासपीठापासून मागच्या भिंतीपर्यंत दर अर्ध्या मीटरला हे माप घेतले, तर आवाज कोणत्या रांगेपासून बिघडतो हे आलेखावर दिसते. पडदे लावल्यावर नेमक्या त्याच जागांवर पुन्हा मोजता आले, तर पडद्यांनी काय साधले तेही दिसते. यंत्राचे खरे मोल या पुनरावृत्तीत आहे. मुलांना मिलिमीटरच्या अचूकतेचे आकर्षण वाटेल. ते थोडे आवरावे.

म्हणून छताला टांगलेल्या दोन-तीन अक्षांच्या यंत्राच्या नादी न लागता फरशीवरचा एका अक्षाचा गाडा करावा. सरकत्या खिडक्यांच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांचा सहा मीटरचा रूळ, त्यावर चार चाकांची फळी, फळीवर उभी बारीक नळी आणि नळीच्या टोकाला, फरशीपासून १.२ मीटर उंचीवर, म्हणजे बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीवर मायक्रोफोन, अशी ही रचना आहे. सहा मीटरचे मोजून झाले की रूळ पुढे सरकवावा. सभागृह तीन टप्प्यांत पुरे होते, आणि रूळ सरकवण्याचे काम माणसाने केल्यामुळे मापनाचे काही बिघडत नाही. या रचनेचा आणखी एक लाभ सहसा लक्षात येत नाही. मायक्रोफोनजवळची प्रत्येक सपाट वस्तू आवाज परतवते; त्याच्या मागे १० सेंटिमीटरवर एखादी पाटी असेल तर परतलेल्या आवाजाचा मार्ग २० सेंटिमीटरने वाढून ८६० हर्ट्झच्या आसपास मापनात खड्डा पडतो. गाड्याची फळी मात्र फरशीलगत असते, आणि फरशी आवाज परतवतच असते, त्यामुळे फळीने नवे काही बिघडत नाही. मोटर गाड्यावर न ठेवता रुळाच्या टोकाला ठेवावी आणि पट्ट्याच्या फेऱ्याने गाडा ओढावा, म्हणजे मायक्रोफोनजवळ फक्त बारीक नळी आणि एक वायर उरते.

स्पीकरविषयी आपण विचारलेले नाही, पण प्रश्न येणारच. मानकाला सर्व दिशांना सारखा आवाज टाकणारा स्पीकर हवा असतो, आणि तो महाग असतो. आपला विषय भाषणाचा असल्यामुळे व्यासपीठावर वक्त्याच्या तोंडाच्या उंचीवर ठेवलेला एकाच शंकूचा (कोनचा) लहान स्पीकर चालेल. माणसाचे तोंडही सर्व दिशांना सारखे बोलत नाही.

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात आहे. प्रकल्पासाठी मायक्रोफोन सरकवण्याचे यंत्र घेतले आहे. मार्गदर्शक सर लीडस्क्रू, म्हणजे आटे पाडलेला फिरता दांडा, वापरायला सांगतात, कारण तो अचूक असतो. मित्र थ्रीडी प्रिंटरचा पट्टा सुचवतात. एक जण तर दोन भिंतींमध्ये स्टीलची तार ताणून त्यावरून गाडा सोडायला सांगतो. काय घ्यावे?
— एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : पट्टा घ्यावा. सरांचे म्हणणे लेथपुरते खरे आहे, पण येथे किती अचूकता लागते हे तरंगलांबीवरून ठरते. २० अंश सेल्सिअसला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणून १,००० हर्ट्झची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर आणि १०,००० हर्ट्झची साडेतीन सेंटिमीटर असते. तरंगलांबीच्या दहाव्या भागाइतकी चूक चालवून घेतली, तर १०,००० हर्ट्झलाही ३ मिलिमीटरची मोकळीक मिळते.

नेमा १७ आकाराची नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. जीटी २ पट्ट्याच्या दात्यांतील अंतर २ मिलिमीटर असते, म्हणून २० दात्यांच्या पुलीवर एका फेऱ्यात गाडा ४० मिलिमीटर आणि एका पावलात ०.२ मिलिमीटर सरकतो. मोटरला प्रवाह पुरवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटवर सोळाव्या भागाचे सूक्ष्म पाऊल निवडले तर दर मिलिमीटरला ८० पावले होतात, आणि हाच आकडा नियंत्रकात भरायचा असतो. मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या बेताच्या वेगात पट्ट्यावरील गाडा सेकंदाला २० सेंटिमीटर जातो. एका फेऱ्यात ८ मिलिमीटर पुढे नेणारा लीडस्क्रू त्याच फेऱ्यांत फक्त ४ सेंटिमीटर सरकवतो, आणि तो दीड-दोन मीटरच्या पुढे लांब झाला की फिरताना थरथरतो. लांब पट्टा थोडा ताणला जातो हे खरे आहे. काचतंतूंनी बळकट केलेला पट्टा घेऊन त्याला खालून पन्हळीचा आधार द्यावा, आणि प्रत्येक रांगेच्या सुरुवातीला गाडा रुळाच्या टोकाच्या लिमिट स्विचपर्यंत नेऊन शून्य पुन्हा ठरवून घ्यावे. एखादे पाऊल चुकले असेल तर ती चूक पुढच्या रांगेत जात नाही.

पुलीचे भोक वाढवणे, चाकांना खाच पाडणे अशी कामे बेळगावात उद्यमबागेतील कोणताही टर्नर हातासरशी करून देतो, तेव्हा तयार भागांच्या शोधात महिना घालवू नये. पुली मात्र खरीदच घ्यावी. दाते कापून घेण्यात पैसे वाचत नाहीत.

तारेची कल्पना दिसते तितकी वेडी नाही, विशेषतः खुर्च्या फरशीला पक्क्या बसवलेल्या नाट्यगृहात, जेथे रूळ टाकताच येत नाही. ९ मीटर अंतरावर ३ मिलिमीटरची स्टीलची दोरी २०० न्यूटनने, म्हणजे सुमारे २० किलोच्या ओढीने ताणली, तर मध्यभागी अर्ध्या किलोच्या गाड्यामुळे ती साडेपाच सेंटिमीटर आणि स्वतःच्या वजनाने आणखी दीड-दोन सेंटिमीटर झुकते. हा झोल दर वेळी तेवढाच येतो, म्हणून तो एकदा मोजून नोंदवला की प्रश्न मिटतो. खरी अडचण झोक्याची आहे. तार ३ मीटरवर आणि मायक्रोफोन १.२ मीटरवर असेल तर मधली दांडी लंबकासारखी हलत राहते आणि प्रत्येक थांब्यावर तिच्या स्थिर होण्याची वाट पाहावी लागते. दोन समांतर तारा घेतल्यास आडवे डोलणे थांबते, पण पुढे-मागे होणारे डोलणे उरते. वेग हळूहळू वाढवून हळूहळू कमी केला की तेही आटोक्यात राहते. भिंतीतील हूक २० किलोची ओढ सतत सोसतील याची खात्री गवंड्याकडून करून घ्यावी. जुन्या मातीच्या भिंतीत हा प्रयोग करू नये.

प्रश्न : माझा साउंड सर्व्हिसचा व्यवसाय आहे. कार्यालयांची आणि हॉलची मोजणी वेगाने व्हावी म्हणून मुलाने असे यंत्र बनवले. गाडा थांबल्यावरही मोटर बारीक किणकिणते आणि मोजणीत तो आवाज येतो. शिवाय स्पीकर चालू केला की कधी कधी घरघर येते.
— एक व्यावसायिक, शहापूर, बेळगाव

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. स्टेपर मोटर थांबलेली असतानाही जागा धरून ठेवण्यासाठी तिच्यातून विद्युतप्रवाह वाहत असतो, आणि ड्रायव्हर तो प्रवाह सतत तोडत-जोडत असल्यामुळे किणकिण होते. आडव्या रुळावरील गाड्याला धरून ठेवण्याची गरज नसते, म्हणून थांबताच ड्रायव्हर बंद होऊ द्यावा. ग्रबल या नियंत्रक प्रणालीत डॉलर १ या सेटिंगमध्ये २५५ हा आकडा असेल तर मोटर कायम चालू राहते. तेथे लहान आकडा दिला की तेवढ्या मिलिसेकंदांनी ती सुटते. उभ्या अक्षाला मात्र हे करू नये, कारण मोटर सुटताच मायक्रोफोन खाली येईल. तेथे समतोलाचे वजन बांधावे, किंवा उंची हाताने ठरवावी. हलतानाची खडखडही नको असेल तर ए ४९८८ जातीच्या ड्रायव्हरऐवजी टीएमसी २२०९ बसवावा. तो पुष्कळ शांत चालतो, पण मोजणी थांबल्यावरच घ्यायची असल्यामुळे तो चैनीचा भाग आहे.

घरघर बहुधा अर्थिंगच्या जोडणीतील वळशातून (ग्राउंड लूपमधून) येते. मोटरचा वीजपुरवठा आणि ध्वनियंत्रणेचा पुरवठा वेगळे ठेवावेत, मोटरच्या आणि मायक्रोफोनच्या वायरी एका बंडलात बांधू नयेत, आणि मोजणीच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. शेवटच्या उपायाने घरघर गेली, तर दोष चार्जरच्या वाटेने येत होता असे समजावे.

आपल्या भागातील पार्श्वगोंगाटाविषयी वेगळे सांगायला नको. शहापूर-वडगावात यंत्रमाग चालू असताना खर्जाचे मापन घेण्यात अर्थ नाही. स्पीकरचा आवाज प्रत्येक वारंवारतापट्ट्यात गोंगाटाच्या किमान ३५ डेसिबल वर असेल, तर विरण्याचे सुरुवातीचे ५ डेसिबल सोडून पुढच्या २० डेसिबलवरून काळ विश्वासाने काढता येतो. ३० डेसिबलवरून काढायचा तर ४५ डेसिबलचे अंतर लागते. ते मिळत नसेल तर स्पीकर ओरडवण्याऐवजी सरकता स्वर लांबवावा. तळापासून वरपर्यंत एकसारखा चढत जाणारा स्वर वाजवून त्यावरून खोलीचा प्रतिसाद काढण्याची पद्धत आंजेलो फारिना यांनी २००० साली मांडली. स्वराची लांबी दुप्पट केली की गोंगाटाच्या तुलनेत ३ डेसिबलचा लाभ होतो. या पद्धतीचा मोठा गुण असा की स्पीकर ताणला जाऊन त्यात जी विकृती शिरते ती गणितानंतर मुख्य प्रतिसादाच्या आधी वेगळी पडते आणि कापून टाकता येते. स्वस्त स्पीकर वापरणाऱ्यांना याहून मोठा दिलासा नाही. दहा सेकंदांचा स्वर आणि त्यानंतर घुमण्याच्या काळाहून अधिक शांतता एवढे प्रत्येक जागी ठेवावे. स्वर सुरू होण्याआधीचा एक सेकंद यंत्राने नुसता ऐकावा आणि गोंगाट नेहमीच्या पातळीवर नसेल तर थांबावे, एवढी अट प्रोग्राममध्ये घातली की रस्त्यावरून गेलेली मोटरसायकल मापनात शिरत नाही.

प्रश्न : आर्डुइनो या लहान नियंत्रक पाटीवर ग्रबल घालून लॅपटॉपवरील पायथन प्रोग्रामने गाडा हलवतो. 'ओके' हे उत्तर आल्यावरच स्वर वाजवतो, तरी गाडा चालू असतानाच मोजणी सुरू होते. असे का?
— विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : आज्ञा नियंत्रकाच्या रांगेत स्वीकारली गेली एवढाच त्या 'ओके'चा अर्थ असतो, हालचाल पूर्ण झाल्याचा निरोप त्यात नसतो. हालचालीच्या आज्ञेमागोमाग जी ४ ही थांबण्याची आज्ञा अत्यल्प काळासाठी, उदाहरणार्थ ०.०१ सेकंदासाठी पाठवावी. रांगेतील सगळ्या हालचाली संपल्याशिवाय ग्रबल ती पूर्ण करत नाही, त्यामुळे तिचे 'ओके' आले की गाडा थांबलेला असतो. त्यानंतर दांडीचे कंप विरण्यासाठी दोन-तीन सेकंद द्यावेत.

प्रश्न : मोबाइलच्या मायक्रोफोनने काम भागेल का? की यूएसबीचा मापन मायक्रोफोन घ्यावा? मित्राने वीस-पंचवीस रुपयांच्या इलेक्ट्रेट कॅप्सूलवर केलेला मायक्रोफोन दाखवला, तोही बरा वाटला.
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : ज्याला फक्त घुमण्याचा काळ हवा आहे त्याला मित्राचा कॅप्सूल पुरेल. आवाज किती वेगाने विरतो हे मोजताना मायक्रोफोनचा उंचसखलपणा, म्हणजे काही स्वर अधिक व काही कमी ऐकण्याचा दोष, पुष्कळसा गळून पडतो, आणि साधा इलेक्ट्रेट कॅप्सूल लहान असल्यामुळे बऱ्याच वरच्या स्वरांपर्यंत सर्व दिशांना सारखा ऐकतो. मोबाइलची अडचण वेगळी आहे: त्यातील प्रणाली आवाज आपोआप कमी-अधिक करते आणि गोंगाट दाबते, म्हणजे विरण्याची शेपटीच खाऊन टाकते. हे बंद करणारे ॲप असेल तरच तो वापरावा.

यूएसबी मायक्रोफोनसोबत त्याच्या क्रमांकाची अंशशोधनाची (कॅलिब्रेशनची) फाईल मिळते, ही चांगली सोय आहे. पण आपोआप हलणाऱ्या यंत्रात मला तो दुय्यम वाटतो. त्याच्या आत स्वतःचे घड्याळ असते आणि स्वर वाजवणाऱ्या साउंड कार्डाचे घड्याळ वेगळे असते. दोन्हींत दहा लाखांत ५० भागांचा फरक असेल, तर दहा सेकंदांच्या स्वरात अर्ध्या मिलिसेकंदाची घसरण होते. घुमण्याच्या काळाला त्याने धक्का लागत नाही. थेट आवाज आणि पहिले परावर्तन यांच्या वेळा मात्र पुसट होतात, आणि एका जागेची वेळ दुसरीशी जुळवता येत नाही. त्यापेक्षा दोन वाहिन्यांचे बाह्य साउंड कार्ड घ्यावे, एका वाहिनीत ४८ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणारा साधा मापन मायक्रोफोन जोडावा, आणि दुसऱ्या वाहिनीत स्पीकरला जाणारा संकेतच वायरने परत आणावा. वाजवणे आणि ऐकणे एकाच घड्याळावर झाल्यामुळे आवाजाला प्रत्येक जागी पोहोचायला लागलेला वेळ नेमका मिळतो, आणि त्यावरून मोजलेले अंतर फुटपट्टीने पडताळता येते. नवे साउंड कार्ड परवडत नसेल तर ते एखाद्या साउंड सर्व्हिसकडून दोन दिवसांसाठी मागून आणावे.

प्रश्न : संगीतवर्गाच्या खोलीत तानपुऱ्याचा खर्ज एका कोपऱ्यात फार आणि मधोमध अगदीच कमी ऐकू येतो. खोलीचा पूर्ण ध्वनिनकाशा काढायचा आहे. किती जागा घ्याव्या लागतील?
— एक संगीतशिक्षिका, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : कोणत्या स्वरापर्यंतचा नकाशा हवा त्यावर सगळे अवलंबून आहे. नकाशा अखंड व्हायचा तर दोन जागांतील अंतर त्या स्वराच्या अर्ध्या तरंगलांबीहून अधिक असू नये. ३ मीटर लांब-रुंद भागाचा २०० हर्ट्झपर्यंतचा नकाशा काढायला दर पाऊण मीटरला एक याप्रमाणे २५ जागा पुरतात, पण तोच १,००० हर्ट्झपर्यंत न्यायचा तर अंतर १७ सेंटिमीटरवर येऊन ३६१ जागा होतात. प्रत्येक जागेला अर्धा मिनिट धरला तर ही तीन तासांची मोजणी झाली. हाताने एवढे कोणी करणार नाही, आणि लांबी-रुंदीच्या दोन अक्षांच्या यंत्राचा खर्च येथे वसूल होतो.

तुमच्या खर्जाला मात्र २५ जागा भरपूर आहेत. समोरासमोरच्या भिंतींमधील अंतर ६ मीटर असेल तर सुमारे २९ हर्ट्झला आणि त्याच्या पटींत, म्हणजे ५७, ८६, ११४ अशा ठिकाणी, स्थिर तरंग उभे राहतात. या प्रत्येकात भिंतीशी दाब सर्वाधिक असतो, आणि त्यांतील विषम पटींना खोलीच्या मध्यावर दाब जवळजवळ शून्य होतो. कोपऱ्यात तीन दिशांचे तरंग एकत्र येतात. मधोमध बसणाऱ्याला खर्ज का मिळत नाही याचे उत्तर बहुतेक एवढेच असते. मोजणीआधी बैठक भिंतीकडे मीटरभर सरकवून ऐकून पाहावे. कदाचित नकाशाची निकड उरणार नाही.

तीन-तीन तासांच्या मोजणीत तापमानाची नोंद ठेवलीच पाहिजे. तापमान एका अंशाने बदलले की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने बदलतो. फरक क्षुल्लक दिसतो, पण १० मीटर चाललेला आवाज त्यामुळे एका मिलिसेकंदाच्या विसाव्या भागाने पुढेमागे होतो, आणि १०,००० हर्ट्झला ते अर्धे आवर्तन आहे. म्हणून दुपारचे आणि संध्याकाळचे प्रतिसाद एकमेकांत मिसळून सरासरी काढली तर वरचे स्वर एकमेकांना खोडून टाकतात आणि खोली आहे त्याहून मऊ भासते. गाड्यावर एक डिजिटल तापमापक लावून प्रत्येक फाईलच्या नावातच तापमान लिहिण्याची सोय करावी, आणि पत्र्याच्या छताखाली मोजायचे असेल तर सूर्यास्तानंतर दोन तास जाऊ द्यावेत. पावसाळ्याचे सांगायलाच नको. आपल्याकडे जूनपासून पत्रा स्वतःच वाजत असतो.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाच्या समाजमंदिरात पखवाज आणि टाळ एकत्र सुरू झाले की अभंगाचे शब्द ऐकू येत नाहीत. एवढी यंत्रसामग्री आम्हाला झेपणार नाही. काही साधे आहे का?
— भजनी मंडळाचे एक सभासद, निपाणी परिसर

उत्तर : तुम्हाला सरकता मायक्रोफोन लागत नाही. रिकाम्या समाजमंदिरात मोठा फुगा फोडून त्याचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा, आणि ते मुद्रण एखाद्या मोफत ध्वनिप्रोग्राममध्ये उघडून शेपटी किती सेकंद टिकते ते पाहावे. फुग्याचा आवाज दर वेळी थोडा निराळा असतो, म्हणून पाच-सहा फुगे वेगवेगळ्या ठिकाणी फोडून मधला आकडा घ्यावा. तो दोन सेकंदांच्या वर असेल तर दोन लांब भिंतींवर जाड गोणपाटाचे किंवा गोधडीसारखे भरीव पडदे भिंतीपासून १० सेंटिमीटर पुढे सोडून लावावेत. मागच्या पोकळीमुळे पडदा ८५० हर्ट्झच्या आसपास चांगला शोषतो. भिंतीला चिकटवलेला तोच पडदा तेथे निम्मेही काम करत नाही. अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला गावोगाव मिळतो, पण त्यांचा उपयोग नगण्य आहे आणि समई-निरांजनाच्या जागी पुठ्ठा किंवा साधा फोम लावणे धोक्याचे आहे. पडदेही समईपासून दूर ठेवावेत. ते लावल्यावर त्याच जागांवर तसेच फुगे पुन्हा फोडून पाहावेत, आणि काळ अजून दीड सेकंदाच्या वर असेल तर मागची भिंतही झाकावी.